गोठवलेल्या आर्टिचोकचे पोषणमूल्य आणि आपले केळफूल : एक अभ्यास

प्रस्तावना

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा तालुका होय. आषाढ-श्रावणात करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांवर दरडींचे भय असते, वीज वारंवार खंडित होते आणि कोल्हापूरहून येणारी भाजी महाग व शिळी मिळते. अशा दिवसांत पथ्यातील शाकवर्गाविषयी रुग्ण जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे देताना वैद्याची खरी परीक्षा होते.

अशाच एका पावसाळ्यात आमच्याकडे उपचार घेणाऱ्या एका वृद्ध मधुमेही रुग्णाच्या कन्येने पुण्याहून थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात ठेवून, गोठवलेल्या भाजीच्या काही पिशव्या आणल्या. त्यांवर ‘आर्टिचोक हार्ट्स’ असे छापलेले होते. ‘वडिलांना हे चालेल का?’ असा तिचा साधा प्रश्न होता. आम्ही पिशवी उलटूनही न पाहता सांगितले, ‘गोठवलेले अन्न निःसत्त्व असते, वर्ज्य करा.’ रुग्णाने आमचा शब्द प्रमाण मानला आणि गोठवलेल्या सर्वच भाज्या सोडल्या. ताजी भाजी मिळत नव्हती, म्हणून पुढील महिनाभर भात, पिठले आणि बटाटा यांवर निर्वाह झाला. पुढील भेटीत रक्तशर्करा वाढलेली व मलावष्टंभ बळावलेला आढळला.

आमचे उत्तर शास्त्राच्या नावाने दिलेले असले तरी शास्त्र पाहून दिलेले नव्हते. त्या चुकीच्या निमित्ताने आम्ही जो अभ्यास केला, तो वैद्यबंधुभगिनी आणि औषधालयचालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

द्रव्यपरिचय

आर्टिचोक ही भूमध्यसागराच्या परिसरातील काटेरी वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव सायनारा कार्डुन्क्युलस, प्रकार स्कोलिमस असे आहे. हिंदीत तिला हाथीचक म्हणतात. इटली, स्पेन व इजिप्त हे तिच्या उत्पादनातील प्रमुख देश होत. सूर्यफूल, करडई, भृंगराज व उंटकटारा ज्या कुलात येतात, त्याच कुलातील ही वनस्पती आहे. तिची न उमललेली कळी भाजी म्हणून खातात. कळीभोवतीच्या जाड पाकळीवजा पानांचा बुडखा आणि मध्यभागीचा मांसल गाभा एवढाच भाग खाद्य असतो. हा गाभा म्हणजेच ‘हार्ट’. भारतात आर्टिचोक बहुधा खारवून बाटलीत वा डब्यात बंद केलेल्या रूपात मिळते. गोठवलेले आर्टिचोक मोठ्या शहरांतील मोजक्या दुकानांत मिळते.

भावप्रकाशात शाकाचे पत्र, पुष्प, फल, नाल, कंद व संस्वेदज असे सहा प्रकार सांगून ते उत्तरोत्तर गुरु मानले आहेत. या वर्गीकरणात आर्टिचोक पुष्पशाकात बसते. आपल्या परसातील त्याचा सर्वांत जवळचा सहधर्मी म्हणजे केळफूल. कुल भिन्न असले तरी दोन्ही न उमललेले पुष्पभाग आहेत, दोन्हींना आच्छादक दले आहेत, दोन्ही कषाय आहेत आणि चिरताच दोन्ही काळी पडतात. केळफूल चिरताना आपल्या गृहिणी हाताला तेल लावतात आणि चिरलेले फूल ताकाच्या पाण्यात टाकतात. इटलीतील गृहिणी चिरलेले आर्टिचोक लिंबाच्या पाण्यात टाकते. उभयत्र हेतू एकच आहे. कापलेल्या भागातील पॉलिफेनॉल द्रव्यांवर विकरांची क्रिया होऊन काळिमा येतो आणि आम्लाने ती क्रिया मंदावते.

पोषणमूल्य : ताजे आणि गोठवलेले

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक-कोष्टकात ताज्या (कच्च्या) व गोठवलेल्या (न शिजवलेल्या) आर्टिचोकचे स्वतंत्र विश्लेषण दिलेले आहे. प्रत्येकी १०० ग्रॅम खाद्य भागातील स्थूल प्रमाण पुढीलप्रमाणे :

जलांश – ताजे ८५ ग्रॅम, गोठवलेले ८६.५ ग्रॅम
ऊर्जा – ताजे ४७ किलोकॅलरी. गोठवलेले ३८ किलोकॅलरी
प्रथिने – ताजे ३.३ ग्रॅम; गोठवलेले २.६ ग्रॅम
तंतू – ताजे ५.४ ग्रॅम, गोठवलेले ३.९ ग्रॅम
पोटॅशियम – ताजे ३७० मिलिग्रॅम. गोठवलेले २४८ मिलिग्रॅम
मॅग्नेशियम – ताजे ६० मिलिग्रॅम; गोठवलेले २७ मिलिग्रॅम
सोडियम – ताजे ९४ मिलिग्रॅम. गोठवलेले ४७ मिलिग्रॅम
लोह – ताजे १.३ मिलिग्रॅम, गोठवलेले ०.५ मिलिग्रॅम
जीवनसत्त्व ‘क’ – ताजे ११.७ मिलिग्रॅम, गोठवलेले ५.३ मिलिग्रॅम
फोलेट – ताजे ६८ मायक्रोग्रॅम. गोठवलेले १२६ मायक्रोग्रॅम

हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट अशी की, गोठवलेल्या भाजीत जलांश थोडा अधिक आहे. म्हणून तुलना शुष्कांशावर करणे न्याय्य ठरते. ताज्याचा शुष्कांश सुमारे १५ ग्रॅम व गोठवलेल्याचा साडेतेरा ग्रॅम धरल्यास पोटॅशियमची घट सुमारे एक चतुर्थांश, तर जीवनसत्त्व ‘क’ची घट सुमारे निम्मी येते. दोन्ही घटक जलविद्राव्य आहेत. नुकसान कोठे झाले असावे, याची दिशा यातून मिळते.

दुसरी गोष्ट फोलेटची. गोठवल्याने फोलेट निर्माण होत नाही, तरी कोष्टकात ते जवळजवळ दुप्पट दिसते. याचा अर्थ इतकाच की दोन्ही नमुने भिन्न झाडांचे, भिन्न जातींचे किंवा कळीच्या भिन्न भागांचे आहेत. एकच कळी आधी ताजी व नंतर गोठवून तपासलेली नाही. म्हणून ‘गोठवल्याने अमुक टक्के नष्ट झाले’ असे विधान केवळ अशा कोष्टकावरून करणे धाडसाचे ठरेल, आणि ‘गोठवल्याने वाढले’ असे म्हणणे तर हास्यास्पद होईल. आमची वर दिलेली घटही दिशादर्शकच समजावी.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. आय.सी.एम.आर.च्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीस दररोज २२० मायक्रोग्रॅम फोलेट व ६५ मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘क’ लागते. १०० ग्रॅम गोठवलेल्या आर्टिचोकमधून निम्म्याहून अधिक फोलेट मिळेल, पण जीवनसत्त्व ‘क’ मात्र नाममात्र मिळेल. लोहाचा स्रोत म्हणूनही तिचे महत्त्व नाही. म्हणजे ही भाजी निःसत्त्व नाही आणि अमृतही नाही. ती तंतू व फोलेट देणारी, अल्प ऊर्जेची भाजी आहे.

शर्करेच्या दृष्टीने एक विशेष नोंदविला पाहिजे. आर्टिचोकमधील पिष्टमय भागात इन्युलिन नावाचा तंतू मोठ्या प्रमाणात असतो. आपल्या पाचक रसांनी त्याचे पचन होत नाही. तो पक्वाशयात जाऊन तेथील जिवाणूंचे अन्न बनतो. त्यामुळे रक्तशर्करा फारशी वाढत नाही, परंतु आध्मान, आटोप व अपानवायूची प्रवृत्ती मात्र वाढते. मधुमेही रुग्णास ही भाजी अनुकूल ठरावी आणि ग्रहणीदुष्टीच्या रुग्णास त्रासदायक व्हावी, याचे कारण एकच आहे.

गोठवण्याने नेमके काय घडते?

आधुनिक शीघ्र-गोठवण पद्धतीचा प्रसार अमेरिकन उद्योजक क्लॅरेन्स बर्ड्सआय यांच्या प्रयत्नांनी झाला. लॅब्रॅडॉरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठलेले मासे वितळल्यावरही ताज्यासारखे लागतात, हे त्यांनी पाहिले होते. १९३० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे अशा पदार्थांची किरकोळ विक्री सुरू झाली. या पद्धतीचे मर्म वेगात आहे. संथ गोठवल्यास बर्फाचे मोठे स्फटिक बनून पेशींच्या भित्ती फाटतात. वितळताना त्यातून पाणी गळते आणि पाण्याबरोबर विद्राव्य घटकही जातात. शीघ्र गोठवल्यास स्फटिक सूक्ष्म राहतात.

गोठवण्यापूर्वी भाजी उकळत्या पाण्यात वा वाफेत काही मिनिटे धरून लगेच थंड करतात. यास ब्लांचिंग म्हणतात. काळिमा व बेचव आणणारी विकरे त्याने निष्क्रिय होतात. आर्टिचोकच्या बाबतीत पाण्यात सायट्रिक आम्लही घालतात. जीवनसत्त्व ‘क’ व पोटॅशियम यांची बरीच हानी या टप्प्यावर, पाण्यात, होते. त्यानंतर उणे १८ अंश सेल्सिअस तापमान अखंड राहिले तर साठवणकाळात होणारी घट मंद असते. उलट, ताजी म्हणून विकली जाणारी भाजी चार-पाच दिवस टोपलीत पडून राहिली तर तिचेही जीवनसत्त्व ‘क’ वेगाने घटते. पावसाळ्यात घाटावर पोहोचणारी भाजी खरोखर किती ‘ताजी’ असते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

सारांश, भाजीचे सत्त्व घेणारे तीन चोर आहेत : ब्लांचिंगचे पाणी, तुटलेली शीतसाखळी आणि स्वयंपाकघरात ओतून दिलेले पाणी. थंडीचा स्वतःचा वाटा त्या मानाने अल्प आहे.

शास्त्रीय विचार

अष्टांगहृदयाच्या अन्नस्वरूपविज्ञानीय अध्यायात हिम, अग्नी, दूषित वारा इत्यादींनी बिघडलेले, अनार्तव म्हणजे ऋतूबाहेरचे, तसेच अतिजीर्ण होऊन हीनवीर्य झालेले धान्य त्याज्य सांगितले आहे. त्यालाच जोडून रूक्ष शिजवलेले, अकोमल, रस न भरलेले आणि मुळ्याखेरीज इतर वाळलेले शाक टाकावे असे म्हटले आहे. ‘हिम’ हा शब्द पाहून गोठवलेले सर्व त्याज्य ठरविण्याचा मोह होतो. आम्हालाही झाला होता. परंतु तेथील हिम हे दूषणाचे कारण म्हणून आले आहे. दवाने व हिमपाताने करपलेले धान्य हा तेथील विषय आहे. परिपक्व कळी तोडून, विकरे निष्क्रिय करून, रक्षणासाठी केलेली थंडी हा ‘संस्कार’ होय. तो कसा झाला, यावर त्याचे गुणदोष ठरतात.

त्याच अध्यायातील ‘अनार्तव’ हा आक्षेप मात्र आर्टिचोकला खरोखर लागू पडतो. भूमध्य प्रदेशातील हिवाळा-वसंतातील कळी गगनबावड्याच्या वर्षाऋतूत खाणे हे काल आणि देश या दोन्ही दृष्टींनी परके आहे. वर्षाऋतूत अग्नी मंद व वायू प्रकुपित असताना इन्युलिनबहुल, कषाय, गुरु पुष्पशाक नित्य व भरपूर खाणे योग्य नव्हे. आमच्या रुग्णास ‘अल्प घ्या, संस्कार करून घ्या, मधून मधून घ्या’ असे सांगणे शास्त्रास धरून झाले असते. ‘निःसत्त्व आहे’ हे कारण मात्र चुकीचे होते.

मात्राशितीय अध्यायात पुन्हा ऊन केलेल्या अन्नाचा जो निषेध आहे, तो शिजलेल्या अन्नाविषयी आहे. गोठवलेली तयार भाजी-पोळी, पराठे वा पुलाव पुन्हा गरम करून खाणे या निषेधाच्या कक्षेत येते. केवळ ब्लांचिंग केलेली, मीठ-मसाला नसलेली भाजी त्या कक्षेत ओढणे बरोबर नाही. हा भेद रुग्णास स्पष्ट करून सांगावा.

ग्रंथात न आलेल्या द्रव्याचे काय करावे, याचेही मार्गदर्शन चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायाच्या अखेरीस आहे. जे येथे सांगितले नाही ते त्या देशातील लोक जसे सांगतात तसे समजावे, असा त्याचा आशय आहे. आर्टिचोक खाणाऱ्या देशांत ते जेवणाआधी वा जेवणात, तेल-लिंबू लावून, यकृतास व पचनास हितकर म्हणून खाण्याची परंपरा आहे. प्रत्यक्ष चवीवरून आम्ही त्याचा रस कषाय-तिक्त व अनुरस मधुर असा अनुमानतो. आवळा खाऊन पाणी प्यावे तसे आर्टिचोक खाल्ल्यावर प्यालेले पाणी अनेकांना गोड लागते, हा त्याचा लक्षणीय विशेष होय. सायनारिन व क्लोरोजेनिक आम्ल ही त्यामागील द्रव्ये मानली जातात.

केळफुलाबाबत मात्र अनुमानाची गरज नाही. भावप्रकाशात ते स्निग्ध, मधुर-कषाय, गुरु, शीत, वातपित्तहर आणि रक्तपित्त व क्षयात हितकर असे वर्णिलेले आहे. केळफुलातील लोहाचे भलेमोठे आकडे ठिकठिकाणी छापले जातात. पांडुरोगाच्या रुग्णास ते तपासल्याविना सांगू नयेत, अशी आमची विनंती आहे. राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद यांची २०१७ सालची भारतीय अन्नघटक-कोष्टके प्रत्येक चिकित्सालयात असावीत.

पाकविधी : परंपरेचा पुनर्विचार

शाक उकडावे, त्याचा रस पिळून काढावा आणि स्नेहात परतावे, हा प्राचीन पाकविधी आहे. यात रूक्षता व विष्टंभ कमी करण्याचा हेतू आहे. आजच्या दृष्टीने पाहता पिळलेल्या पाण्याबरोबर पोटॅशियम व जीवनसत्त्व ‘क’ जातात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून निर्णय रुग्णावर सोपवावा.

गोठवलेल्या भाजीचे स्वेदन कारखान्यातच एकदा झालेले असते. घरी ती वितळवून, पुन्हा उकडून, पुन्हा पिळली तर एकाच संस्काराची द्विरुक्ती होते. म्हणून सामान्य रुग्णास असे सांगावे : भाजी वितळवू नये. कढईत तूप वा तेल तापवून जिरे, हिंग व किंचित सुंठ घालावी, गोठलेलेच तुकडे टाकावेत, झाकण ठेवून त्यांच्याच पाण्यात शिजवावेत, शेवटी लिंबू पिळावे. मंदाग्नी, आध्मान वा ग्रहणीच्या रुग्णास मात्र उकडून पिळलेलीच द्यावी. त्यास जीवनसत्त्वापेक्षा पचन अधिक मोलाचे आहे. वृक्कविकारात पोटॅशियम नियंत्रित ठेवावयाचे असते, तेथेही पाणी काढून टाकणेच इष्ट.

रक्तदाबाच्या रुग्णाने बाटलीतील खारवलेले आर्टिचोक टाळावे. त्यातील सोडियम गोठवलेल्याच्या अनेक पट असते. येथे गोठवलेली भाजी उघडपणे सरस ठरते. हेच तत्त्व मटार, मका, फरसबी यांनाही लागू आहे. पिशवीवरील घटकांत भाजीखेरीज मीठ वा साखर आहे का, एवढे तरी वाचावयास रुग्णास शिकवावे.

घरचे केळफूल गोठवावयाचे असल्यास प्रत्येक फुलातील कडक केसर व पारदर्शक खवला काढून, चिरून, ताकाच्या पाण्यात ठेवावे. नंतर उकळत्या पाण्यात सुमारे तीन मिनिटे धरून थंड पाण्यात काढावे, निथळून पातळ थरात पिशवीत भरावे. थर पातळ असला म्हणजे गोठणे लवकर होते.

विजेचा प्रश्न

आपल्या तालुक्यात पावसाळ्यातील खरा धोका पोषणमूल्याचा नसून वितळून पुन्हा गोठलेल्या भाजीचा आहे. भरलेला स्वतंत्र फ्रीझर दार न उघडल्यास साधारण ४८ तास व अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. घरगुती फ्रीजमधील लहान कप्पा तितका वेळ टिकत नाही. एक सोपी खूण अशी : वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्यावी. वीज जाऊन आल्यावर नाणे बर्फात खाली गेलेले दिसले तर आतील माल वितळला होता असे समजावे. भाजीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ती पुन्हा गोठवता येते वा शिजवता येते. पूर्ण वितळून उबदार झालेली भाजी टाकून द्यावी. पिशवीत सुटे तुकडे न राहता एकसंध गोळा झाला असेल, तर ती वाटेत वितळलेली असण्याचा संभव असतो.

औषधालयचालकांसाठी

आर्टिचोकच्या नावाने यकृतासाठी गोळ्या व कॅप्सूल बाजारात आहेत. त्या संदर्भात पुढील भेद लक्षात ठेवावेत.

१. भाजी कळीची असते, अर्क पानांचा असतो. कळीच्या पोषणमूल्याचे आकडे अर्काच्या विक्रीसाठी वापरणे ही ग्राहकाची दिशाभूल होय.

२. युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी-प्रपत्रात आर्टिचोकच्या पानांचा उपयोग पारंपरिक वापराच्या आधारे पचनाच्या तक्रारींसाठी सांगितला आहे. पित्तमार्गाचा अवरोध, पित्तनलिकादाह, पित्ताश्मरी व यकृतदाह यांत तो निषिद्ध मानला आहे. ‘पित्ताशयात खडे आहेत, यकृताचे काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्या ग्राहकास ही गोळी देणे म्हणूनच घातक ठरू शकते. त्यास वैद्याकडे पाठवावे.

३. करडई, सूर्यफूल, शेवंती या कुलाची असात्म्यता असणाऱ्यांनी भाजी व अर्क दोन्ही टाळावेत.

४. सिलिमरिन हे मिल्क थिसल या वेगळ्या वनस्पतीपासून मिळते. दोन्ही काटेरी व एकाच कुलातील असल्याने विक्रेत्यांची गल्लत होते.

५. आर्टिचोक आपल्या प्रमाणग्रंथांत नाही. त्यामुळे त्याची उत्पादने आयुर्वेदीय औषध म्हणून सांगू नयेत. आहारपूरक म्हणून ती २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली येतात. वेष्टनावर त्या प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहूनच माल घ्यावा.

उपसंहार

विमानस्थानातील आठ आहारविधिविशेषायतनांपैकी प्रकृती, करण, राशी, देश, काल व उपयोक्ता या सहांचा विचार केला तरी गोठवलेल्या भाजीविषयीचे बहुतेक प्रश्न सुटतात. द्रव्य कोणते, त्यावर संस्कार कोणता झाला, किती घ्यावयाचे, कोठे, केव्हा आणि कोणी, हे न विचारता दिलेला होकार वा नकार दोन्ही अशास्त्रीय होत.

त्या वृद्ध रुग्णास आम्ही पुढे स्वतः जाऊन आमची चूक सांगितली. त्यांच्या परसात केळीचे बन होते आणि केळफुले पावसात गळून वाया जात होती. त्यांना आर्टिचोकची आवश्यकता कधीच नव्हती. आवश्यकता होती ती रोजच्या पानात कोणती तरी योग्य भाजी राहावी, याची. ‘हे खाऊ नका’ असे सांगणारा वैद्य ‘मग काय खावे’ हे सांगेपर्यंत आपले काम पुरे झाले असे न मानो, एवढाच धडा आम्ही त्यातून घेतला. आपणही आपापल्या तालुक्यातील पावसाळी शाकांची अशी नोंद ठेवावी, ही विनंती.